पुढच्या आठवड्याचे महाशय

सोमवार, ३

आज माझं मशीन सदतीस मिनिटं चाललं! गेल्या सोमवारी पंचविसाव्या मिनिटाला मान टाकत होतं. म्हणजे बारा मिनिटांची प्रगती. मी कॉरिडॉरमधून जवळजवळ नाचत गेले आणि मॅडमना सांगितलं. मॅडम आमच्या टीमच्या प्रमुख. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "दवाखाना किती तास चालतो?"

माझा नाच तिथेच संपला.

वीस तारखेला आमचं डोळे तपासायचं मशीन डोळ्यांच्या दवाखान्यात जाऊन बसणार आहे. सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच, एकशे वीस पेशंट, आणि मधे एकदाही बंद पडता कामा नये. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलंय की एकदा जरी बंद पडलं तर उचलून न्या. तसं झालं तर आमचा प्रकल्प गुंडाळणार आणि माझी बदली पार्किंगच्या पावत्या छापणाऱ्या मशीनवर होणार. तीन वर्षं मी या डोळ्यांपायी काढली आहेत. पावत्यांना नावं ठेवत नाही, पण पावतीकडे बघून कोणाला कधी "वा!" म्हणावंसं वाटलंय का?

मंगळवार, ४

ऑफिसच्या लॅबमध्ये वायरिंगचं काम निघालंय. पाचनंतर दिवेच नाहीत. म्हणून मशीनचा चाचणीचा बोर्ड घरी आणला आणि त्याचा अडॅप्टर मात्र टेबलावरच विसरले. हे फक्त मलाच जमतं.

सहा वाजता बेल वाजली. दारात सावकाश सर, हातात अडॅप्टर. खरं नाव वेगळं आहे, पण प्रत्येक गोष्टीला "सावकाश, सावकाश" म्हणतात म्हणून आम्ही सगळे त्यांना हेच म्हणतो. मशीन चालवणाऱ्या मूळ प्रोग्रॅमवर, म्हणजे कर्नलवर, काम करणारा त्यांच्याइतका जुना माणूस कंपनीत दुसरा नाही. पुढच्या वर्षी निवृत्त होतील. राहतात आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे, एकटेच. बायको जाऊन नऊ वर्षं झाली. आई म्हणाली, "आलाच आहात तर चहा घ्या." ते "नको, नको" म्हणत बसले आणि दोन कप प्यायले.

मग आईने विचारलं की एवढं काय बिघडलंय. आई आयुष्यभर ग्रंथपाल होती, तिला न समजलेलं काही आवडत नाही. तिला समजावलं ते असं: मशीनमध्ये कॅमेऱ्याचं एक कार्ड आहे आणि त्या कार्डाची स्वतःची मेमरी. कर्नल म्हणजे मशीनच्या पोटातला मुख्य कारभारी. तो सगळ्या मेमरीचे सारखे छोटे तुकडे करतो, त्यांना आम्ही पानं म्हणतो. प्रत्येक पानाच्या नोंदीत एक आकडा असतो: सध्या कितीजण हे पान वापरतायत. शेवटच्याने सोडलं की आकडा शून्य होतो आणि पान सगळ्यांच्या ढिगात जातं, पुढे ज्याला हवं त्याला मिळतं. कार्डाची पानं मात्र त्या ढिगात जाता कामा नयेत. ती कार्डाकडेच परत गेली पाहिजेत. आमची पानं कुठेच परत जात नाहीत. प्रत्येक फोटोबरोबर काही अडकतात आणि सदतीस मिनिटांत कार्ड तुडुंब भरतं.

"म्हणजे संदर्भग्रंथांसारखं," आई म्हणाली. "ते वाचायला देतो, पण परत आल्यावर बाकीच्या पुस्तकांत मिसळत नाही."

सर म्हणाले, "अगदी तसंच." आणि मला म्हणाले, "मोजणी कुठून सुरू होते ते बघ. सावकाश बघ."

गुरुवार, ६

सापडलं! कार्डाच्या पानांची मोजणी शून्यापासून सुरूच होत नाही. एकापासून होते! म्हणजे कोणीही वापरत नसताना आकडा एक. माझा कोड बिचारा शून्याची वाट बघत बसतो आणि शून्य काही येत नाही.

आणि त्या ओळीवर एकवीस वर्षांपूर्वीची टीप आहे: "कार्डाच्या पानांसाठी एकापासून मोजा. सध्यापुरतं. पुढच्या आठवड्यात नीट करतो."

एकवीस वर्षं! जुना कोड नव्या जागी हलवताना लिहिणाऱ्यांची नावं गळून गेली, सगळीकडे नुसतं 'अज्ञात' दिसतं. तेव्हा मीच त्याचं बारसं केलं: पुढच्या आठवड्याचे महाशय.

संध्याकाळी सर आले होते (बोर्डाचा पंखा आवाज करतो असं मी म्हणाले होते, तो बघायला). मी त्यांना आणि आईला ती टीप नाटकी आवाजात वाचून दाखवली. म्हटलं, "कोण गाढव असेल हो सर हा?" सरांना जोराचा ठसका लागला. आईने पाणी आणून दिलं. मी म्हटलं, "गाढव तर गाढव, वर आळशी गाढव!" आई म्हणाली, "असं बोलू नये गं. त्याचीही काही अडचण असेल." आई कोणाचीही बाजू घेते.

पंखा ठीकच होता, असं सर म्हणाले.

शुक्रवार, ७

मी इतकी हुशार आहे की माझी मलाच भीती वाटते. सोपा उपाय काढला. काम संपलं की मीच आकड्यातून आणखी एक वजा करायचा. एकातून एक गेला, शून्य! मशीन दोन तास चाललं. दोन तास! मी कॅन्टीनवाल्यालासुद्धा सांगितलं. तो म्हणाला, "छान. चहा की कॉफी?"

सरांना फोन केला. त्यांनी सगळं दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाले, "फोटो नीट बघ हं. सावकाश." जळतात मेले.

शनिवार, ८

कसे जळतील? फोटो बिघडणार हे त्यांना माहीतच होतं.

मॅडम स्वतःचा डोळा तपासून घ्यायला बसल्या. स्क्रीनवर फोटो आला. सुंदर नारिंगी पडदा, रक्तवाहिन्या, आणि बरोबर मध्यातून काळ्यापांढऱ्या ठिपक्यांचा एक पट्टा. तो पट्टा उलगडून बघितला तर आमच्या टीमच्या रजांची यादी.

झालं असं, की आकडा शून्य झाल्यावर कर्नलला ते साधं पान वाटलं. त्याने ते सगळ्यांच्या ढिगात टाकलं आणि रजांच्या फाइलला देऊन टाकलं. रजांची यादी जाऊन कार्डाच्या मेमरीत बसली आणि तिथून मॅडमच्या डोळ्यात.

मॅडम म्हणाल्या, "तुमच्या रजा माझ्या डोळ्यावर येतात हे खरं आहे. पण इतक्या?"

माझीच त्यात तीन दिवसांची रजा होती. एकविसापासून. स्वतःहून खोडली.

सोमवार, १०

काही सुचत नाही. दिवसभर नुसता डोक्याचा भुगा. संध्याकाळी सर आले. मी बोलावलं नव्हतं, पण बरं वाटलं. माणूस कामाला किती वाहिलेला असावा! साठीला आले तरी कोडमधल्या एका बगपायी रोज दोन गल्ल्या चालत येतात.

आईने मोत्यांचे कानातले घातले होते. म्हटलं, "कुठे निघालीस?" म्हणाली, "कुठे नाही." निवृत्तीनंतर वेळ जात नसेल बिचारीचा. तिच्यासाठी एखादा छंदवर्ग शोधायला हवा. वीस तारीख उलटली की बघते.

बुधवार, १२

आजचा दिवस चौकटीत लावून ठेवण्यासारखा!

मी टेबलावर डोकं टेकून बसले होते. म्हणाले, एक मोजलं तर पान अडकतं, शून्य केलं तर ढिगात जातं, जगू तरी कशी? आई सरांच्या कपात चहा ओतत होती. ओतता ओतता म्हणाली, "पण परत आलेलं पुस्तक मुळात कोणाचं आहे, ते आधी बघत नाही का तुमचा कारभारी? आमच्याकडे आधी शिक्का बघायचे. संदर्भ विभागाचा असला की तिकडच्या कपाटात. मोजणी सगळ्यांची एकच."

मी उडालेच. हेच! कार्डाची पानंही सगळ्यांसारखी शून्यापासून मोजायची. वेगळा हिशेब नकोच. शून्य झालं की ढिगात टाकण्याआधी कर्नलने विचारायचं, पान कोणाचं? कार्डाचं असेल तर कार्ड सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमला, म्हणजे त्याच्या ड्रायव्हरला, हाक मारायची, की बाबा, तुझं पान घेऊन जा. बस्स!

मी आईचा मुका घेतला. सर मात्र आईकडे बघतच राहिले. कप ओसंडून चहा बशीत, बशीतून टेबलावर गेला तरी दोघांचं लक्ष नाही. सर मनातल्या मनात सगळा पॅच, म्हणजे दुरुस्तीचा कोड, लिहून काढत असणार. खरा कर्नलवाला!

गुरुवार, १३

एकापासून मोजायची ही खोड कोडमध्ये तेवीस ठिकाणी पसरलेली आहे. 'आकडा एक आहे का?' असं जिथे जिथे विचारलंय ते सगळं शोधून बदलायचं. सर म्हणाले, "थोडं मी करू का? मला माहीत आहेत काही जागा." मी सरळ नाही म्हटलं. मशीन माझं, पावत्यांवर जाणार असेन तर मी जाणार, मग पॅचही माझाच. ते काहीतरी बोलायला लागले होते, पण तेवढ्यात आई विचारायला आली की त्यांना कोणती पुस्तकं आवडतात. मग तासभर तेच चाललं. माझ्या कामाचा खोळंबा नको म्हणून दोघं गच्चीत जाऊन बोलत बसली. किती समजूतदार आहेत दोघंही.

शनिवार, १५

तेवीसच्या तेवीस जागा बदलल्या. मशीन सुरू केलं. एक तास, दोन तास, तीन तास! मी टाळ्या वाजवत होते. तीन तास दहा मिनिटांनी थांबलं.

पेशंट हलला आणि फोटो रद्द झाला, की एक पान अडकतं. दर वेळी नेमकं एकच. कुठेतरी चोविसावी जागा आहे. 'आकडा एक' असं शोधलं तर सापडत नाही. पुढच्या आठवड्याच्या त्या गाढवाला समोर आणा म्हणावं, मी त्याला उलटा टांगते. सरांनाही असंच म्हटलं. ते म्हणाले, "हं." आणि आईने त्यांच्याकडे नजर टाकली, ती लायब्ररीत पुस्तक फाडून आणणाऱ्याकडे टाकायची, तशी. का कोण जाणे. ते चहा न घेताच गेले.

सोमवार, १७

हे कसं लिहू? हसू की रडू?

सकाळी मॅडमनी सगळ्यांना बसवलं आणि म्हणाल्या, "उद्या पाचपर्यंत चोविसावी जागा सापडली नाही तर मी दवाखान्याला नाही कळवणार आहे." मी म्हटलं, "मॅडम, ज्याने हे लिहिलंय तो मिळाला तर पाच मिनिटांत काम होईल. पण तो गाढव आता कुठल्या कुरणात चरत असेल कोणाला ठाऊक."

सावकाश सर उभे राहिले. शर्ट इस्त्रीचा होता, भाषणाला आल्यासारखा.

"मीच," ते म्हणाले. "पुढच्या आठवड्याचे महाशय मीच."

माझे कान इतके गरम झाले की त्यावर बोर्ड सोल्डर करता आला असता.

सर मॅडमकडे बघून सांगायला लागले. "तेव्हा तीन दिवसांत पहिलं कार्ड चालवून दाखवायचं होतं. त्याची पानं चुकून ढिगात जाऊ नयेत म्हणून मी मोजणी एकापासून सुरू केली. म्हणजे आकडा कधी शून्यावर येणारच नाही. सध्यापुरतंच होतं ते. पुढचा आठवडा आला, तेव्हा दुसरं कार्ड आलं. मग लाज वाटायला लागली, आणि मग कोणी विचारेनासंच झालं." माझ्याकडे वळून म्हणाले, "चोविसावी जागा फोटो रद्द करण्याच्या कोडमध्ये आहे. तिथे मी 'एक आहे का' असं नाही, 'दोनपेक्षा कमी आहे का' असं विचारलंय. अर्थ तोच. म्हणून तुला सापडत नाही."

अकरा मिनिटांत बदललं. मशीन सुरू केलं आणि मी सरांसमोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, "सर, मी तुम्हाला बरेचदा गाढव म्हणाले."

"चौदा वेळा," ते म्हणाले. "आळशी धरून."

मंगळवार, १८

काल आनंदात राग यायचा राहिला होता, तो आज आला. त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं! मी रोज भिंतीवर डोकं आपटतेय आणि हे बिस्किट बुडवतायत! लंचला गाठून तोंडावर विचारलं, का नाही सांगितलंत?

ते डब्याचं झाकण लावत, काढत राहिले. "त्या पहिल्या संध्याकाळी सांगणार होतो गं. तेवढ्यात तुझ्या आई चहा घेऊन आल्या. त्यांच्यासमोर गाढव ठरावं असं वाटेना. मग रोज ते आणखी अवघड होत गेलं. शनिवारी त्यांनाच आधी सांगितलं. त्या म्हणाल्या, माझ्या मुलीचं मशीन बंद पडलं तर पुन्हा या दारात पाऊल ठेवू नका."

मला एकदम वाईट वाटलं. पाहुणा म्हणून गेलेल्या घरी माणसाला मान किती जपावा लागतो! आणि आईचंही जरा अतीच. एवढ्या वयाच्या माणसाला असं बोलतात का? मी म्हटलं, "सर, तुम्ही खुशाल येत जा, आईचं मी बघते." ते लाल झाले. फार संकोची आहेत.

मशीन आज सकाळी आठपासून पाचपर्यंत चाललं. नऊ तास! मॅडमनी दवाखान्याला फोन केला आणि हो म्हणून कळवलं.

बुधवार, १९

मशीन खोक्यात भरलं. उद्या. बाकी काही लिहिवत नाही.

एकच. बग संपला, आता सरांना आमच्याकडे यायला काही कारण उरलं नाही, असं आईला म्हटलं. ती नुसती भांडी जोरजोरात फळीवर लावत राहिली. मला वाटतं दमली असावी.

गुरुवार, २०

अक्षर बघा माझं कसं पळतंय. क्रमाने लिहिते, नाहीतर सगळं सांडेल.

नऊला पहिला पेशंट. मी कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन बसले होते. त्यावर एकच ओळ सारखी बदलत होती: वापरातली पानं इतकी. फोटो काढला की आकडा चढायचा, फोटो फाइलमध्ये गेला की शून्यावर यायचा. चढ, उतर, चढ, उतर. दुपारपर्यंत मी श्वासही त्याच तालावर घेत होते. डॉक्टरीणबाई दर अर्ध्या तासाने यायच्या, मशीनकडे बघायच्या आणि परत जायच्या.

तीन वाजता आई आली! म्हणे, डोळे तपासून घ्यायचेच होते. सत्त्याण्णवावा नंबर. तिच्या डोळ्याचा पडदा स्क्रीनवर आला आणि मला एकदम भरून आलं. इतका स्वच्छ फोटो, एकही पट्टा नाही, आणि तो माझ्या आईचा डोळा होता. सर मदतीला आलेच होते. तपासणी झाल्यावर त्यांनी तिचा हात धरून तिला हळूहळू कॉरिडॉरमधल्या बाकावर नेऊन बसवलं. बाहेर नर्स एकेका पेशंटला डोळ्यात थेंब घालत होती, थेंबांनी तास-दोन तास धूसर दिसतं. बरं झालं सर होते, नाहीतर आई कुठे धडकली असती.

शेवटचा पेशंट म्हणजे एक आजोबा. एक मिनिट स्थिर बसतील तर शपथ. हलले, फोटो रद्द. शिंकले, रद्द. "झालं का?" म्हणून वळले, रद्द. सात वेळा! प्रत्येक रद्द झालेल्या फोटोनंतर मी डोळे मिटून घेत होते. आठव्यांदा ते चुकून सरळ बसले. आकडा चढला आणि उतरायला लागला. चारशे, नव्वद, तीन, एक.

एकावर थांबला.

मी खुर्चीचा हात इतका घट्ट धरला की नख मोडलं. मग फाइल लिहून झाली आणि ओळ बदलली. वापरातली पानं: शून्य. पाच वाजून चार मिनिटं, एकशे वीस पेशंट, एकदाही बंद नाही!

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "उचलून नेऊ नका. राहू द्या इथेच." मॅडमनी, आमच्या मॅडमनी, मला मिठी मारली. मी आईला आणि सरांना सांगायला ओरडत बाहेर धावले.

दोघं त्याच बाकावर बसली होती. दोन तास झाले होते आणि सरांनी आईचा हात अजून धरलेलाच होता. मी डॉक्टरीणबाईंना हाक मारली. "मॅडम, माझ्या आईला अजून दिसत नाहीये का हो? थेंब उतरले नाहीत वाटतं!"

डॉक्टरीणबाईंनी आधी बाकाकडे बघितलं आणि मग माझ्याकडे.

"अगं, थेंब पलीकडच्या रांगेला. तुझ्या मशीनला ते लागतच नाहीत. म्हणून तर मागवलं मी ते."

माझंच मशीन! तीन वर्षं मी सगळ्यांना हेच सांगत फिरलेय. मी तिथेच उभी. सर हात सोडायला गेले, आईने सोडू दिला नाही.

बसमध्ये आई आणि मी दोघीच होतो. सर मुद्दाम मागून येतो म्हणाले. आईने तिकिटाची बारीक घडी घातली. मग म्हणाली, "तुझे बाबा गेले त्याला चौदा वर्षं झाली. इतकी वर्षं मी लोकांना विचारत आले, तुम्हाला काय वाचायचंय? मला कोणी कधी विचारलं नाही. यांनी विचारलं." माझ्याकडे वळून म्हणाली, "पण तू आधी. तुला नको असेल तर मी त्यांना आजच सांगेन. मला वाईट वाटेल, पण सांगेन."

बाबा आठवले, आणि हीसुद्धा, चौदा वर्षं माझा डबा, माझी फी, माझा ताप एकटीने बघणारी. एवढी बाई माझ्या शेजारी बसून, पदराचं टोक बोटाला गुंडाळत माझी परवानगी मागत होती. आमचा स्टॉप आला. आम्ही उतरलो. ती माझ्या तोंडाकडे बघतेय, पेपर तपासून मिळायची वाट बघावी तशी.

मी पिशवी खाली ठेवली, आईला कमरेला धरून उचललं आणि तिथल्या तिथे एक गिरकी घेतली. "अगं सोड! वेडे! पडेन मी! लोक बघतायत!" एकोणसाठ वर्षांची माझी आई ओरडत होती आणि हसत होती, हसत होती आणि रडत होती, आणि मीही. मागच्या बसमधून सर उतरले आणि आम्हाला बघून फुटपाथवर जागीच थांबले, पुढे यावं की मागे जावं ते त्यांना कळेना.

मी आईला खाली न ठेवताच ओरडले, "सर, या ना लवकर! सावकाश काय येताय!"